अत्युच्च तापसह कार्बाइड संमिश्रे : वितळणबिंदूचा मोह आणि चिवटपणाची कसोटी

प्रस्तावना

यवतमाळ जिल्ह्यात 'कार्बाइड' हा शब्द तीन ठिकाणी ऐकू येतो. फळबाजारात तो आंबे पिकविण्याच्या पुडीशी जोडलेला आहे. कॅल्शियम कार्बाइडच्या या वापरास अन्नसुरक्षाविषयक २०११ च्या विनियमांनी मनाई आहे. बोअरवेलच्या गाडीवर काळ्या पाषाणात शिरणाऱ्या बिटच्या तोंडाशी टंगस्टन कार्बाइडच्या गुंड्या बसविलेल्या असतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या कर्मशाळेत लेथवर उभा असलेला विद्यार्थी 'कार्बाइड टिप' मागतो, तीही त्याच टंगस्टन कार्बाइडची. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र या कुटुंबातील दूरची शाखा आहे. हॅफ्नियम, टँटलम व झिर्कोनियम या धातूंची कार्बाइडे तीन हजार अंश सेल्सियसच्या पलीकडे वितळतात. ध्वनीच्या पाचपटींहून अधिक वेगाने जाणाऱ्या यानांच्या धारदार कडा, अग्निबाणांचे नोझल आणि तत्सम भागांसाठी त्यांचा विचार गेली अनेक दशके चालू आहे.

या पदार्थांवरील संशोधनसाहित्य आता विपुल झाले आहे. त्याचा मोठा भाग दोन दाव्यांभोवती फिरतो : पदार्थ किती तापमानाला वितळतो, आणि दुसरा घटक मिसळल्याने तो किती 'मजबूत' झाला. प्रस्तुत लेखकाच्या मते पहिला दावा बहुतेक वेळा अप्रस्तुत असतो आणि दुसरा अनेकदा अपुऱ्या चाचणीवर उभा असतो. या दोन्ही मुद्द्यांचा परामर्श येथे घेण्याचा हेतू आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर यादी बंद केल्यानंतर नियतकालिकाची प्रत ठरविण्याची जबाबदारी पुन्हा महाविद्यालये व परीक्षक यांच्यावर आली आहे. त्यामुळे अशा निबंधात नेमके काय तपासावे, हा प्रश्न आपल्या दारात येऊन ठेपला आहे.

वितळणबिंदूची गोष्ट

१९३० साली आग्टे व आल्टरथुम या जर्मन संशोधकांनी असे मांडले की, चार भाग टँटलम कार्बाइड व एक भाग हॅफ्नियम कार्बाइड यांचे मिश्रण दोन्ही शुद्ध घटकांपेक्षा अधिक तापमानाला, सुमारे ४२१५ केल्विनला, वितळते. हा आकडा पुढे पाठ्यपुस्तकांत गेला. 'ज्ञात पदार्थांपैकी सर्वाधिक वितळणबिंदू' या बिरुदासह तो पिढ्यान्‌पिढ्या उतरविला गेला. २०१६ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील गटाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी लेसरच्या साहाय्याने तापवून हेच पदार्थ पुन्हा मोजले. हॅफ्नियम कार्बाइडसाठी ३९५९ अधिक-उणे ८४ अंश, टँटलम कार्बाइडसाठी ३७६८ अधिक-उणे ७७ अंश आणि ज्या मिश्रणाला बिरुद मिळाले होते त्याच्यासाठी ३९०५ अधिक-उणे ८२ अंश सेल्सियस असे आकडे त्यांना मिळाले. म्हणजे मुकुट मिश्रणाच्या डोक्यावरून उतरून शुद्ध हॅफ्नियम कार्बाइडकडे गेला.

या निबंधाचा खरा गुण मुकुटात नाही. तो त्या 'अधिक-उणे'मध्ये आहे. हॅफ्नियम कार्बाइड व मिश्रण यांतील फरक ५४ अंशांचा, आणि प्रत्येक मापनातील अनिश्चितता ८० अंशांहून अधिक. या दोघांतील क्रम त्या मापनावरून ठामपणे सांगता येत नाही. टँटलम कार्बाइड त्यांच्या खाली आहे, एवढे मात्र बऱ्याच खात्रीने म्हणता येते. मूळ निबंध वाचणाऱ्यास हे दिसते. मात्र संदर्भासाठी संदर्भ उतरवून घेणाऱ्याच्या हाती केवळ ३९५९ हा आकडा लागतो आणि 'अधिक-उणे' वाटेत गळून पडते. आपल्याकडील अनेक समीक्षणपर निबंधांच्या पहिल्या परिच्छेदात हेच घडलेले आढळते.

याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, हा आकडा वापराविषयी काय सांगतो? एप्रिल २०२४ मध्ये भारतीय अंतराळ संशोधन संघटनेने पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्यासाठी कार्बन-कार्बन संमिश्राचे नोझल यशस्वीरीत्या तपासल्याचे जाहीर केले. पूर्वीच्या कोलंबियम मिश्रधातूच्या जागी हे नोझल आल्यास त्या भागाचे वस्तुमान सुमारे ६७ टक्क्यांनी घटते आणि वाहकक्षमता १५ किलोग्रॅमने वाढते. महेंद्रगिरी येथील २०० सेकंदांच्या तप्त चाचणीत तापमान १२१६ केल्विनपर्यंत, म्हणजे सुमारे ९४३ अंश सेल्सियसपर्यंत, पोहोचले. वणी तालुक्यातील राजूरच्या चुनाभट्टीत चुनखडीचा चुना होतो तोही साधारण याच पातळीच्या तापमानाला. कार्बन या तापमानाला वितळण्याचा प्रश्नच उद्‌भवत नाही. प्रश्न असतो तो हवेतील ऑक्सिजनमध्ये जळून जाण्याचा. म्हणूनच त्या नोझलवर सिलिकॉन कार्बाइडचा लेप द्यावा लागला. तेथे कार्बाइडची निवड वितळणबिंदूच्या तक्त्यातील क्रमांकावरून झालेली नाही, ती ऑक्सिजनला अडविण्याच्या गुणावरून झाली आहे.

अतिवेगवान यानाच्या टोकदार कडेवर दोन हजार अंशांच्या पुढचे तापमान संभवते आणि तेथे हॅफ्नियम-झिर्कोनियमच्या संयुगांखेरीज फारसे पर्याय उरत नाहीत, हे मान्यच आहे. परंतु तेथेही मोजमाप सेकंदांचे असते. संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या स्वनातीत-ज्वलन इंजिनाच्या प्रात्यक्षिक यानाने ७ सप्टेंबर २०२० रोजी वीस सेकंदांहून थोडा अधिक काळ उड्डाण टिकविले. एप्रिल २०२५ मध्ये हैदराबाद येथे तशा ज्वलनकक्षाची जमिनीवरील चाचणी एक हजार सेकंदांहून अधिक चालली. 'किती अंश' याच्या जोडीने 'किती वेळ' आणि 'कोणत्या वातावरणात' हे न सांगणारा निबंध अपुराच म्हटला पाहिजे.

घडविण्यातील अडचण

कार्बाइड तयार करणे तत्त्वतः सोपे आहे. धातूचे ऑक्साइड व कार्बन यांचे मिश्रण निर्वातात किंवा निष्क्रिय वायूत तापविले की कार्बन मोनॉक्साइड निघून जातो आणि कार्बाइड उरते. झिर्कोनियमच्या बाबतीत ऑक्साइडच्या एका रेणूस कार्बनचे तीन अणू लागतात. मिळणारी भुकटी बारीक असली तरी तिच्यापासून भरीव वस्तू घडविणे हे खरे दिव्य होय. मातीचे मडके आव्यात भाजले की कण एकमेकांस धरतात, कारण मातीतील काही घटक काचेसारखे मऊ होऊन फटी भरतात. या कार्बाइडांत अणूंचे बंध इतके पक्के असतात की, अणू आपली जागा सोडून शेजारच्या कणाकडे सरकण्यास तयार होत नाहीत. त्यात प्रत्येक कणावर ऑक्साइडचे पातळ आवरण असते. त्यामुळे कण जाडावतात, पण मधली पोकळी बुजत नाही.

यावर उपाय म्हणजे ग्रॅफाइटच्या साच्यात १९०० ते २२०० अंशांच्या दरम्यान काही दशके मेगापास्कल दाब देऊन भुकटी दाबणे, अर्थात उष्णदाबन. साच्यातूनच विद्युतप्रवाहाचे स्पंद सोडून काही मिनिटांत हेच काम करणारी 'स्पार्क प्लाझ्मा सिंटरिंग' ही पद्धती गेल्या दोन-अडीच दशकांत लोकप्रिय झाली. झटपट तापविल्यामुळे कण वाढण्यास अवधी मिळत नाही, हा तिचा लाभ. इटलीतील फाएन्झा येथील संशोधकांनी मॉलिब्डेनम डायसिलिसाइडसारखा साहाय्यक पदार्थ मिसळून दाबाविनाही चांगली घनता मिळविता येते, हे दाखविले. परंतु साहाय्यक पदार्थ कणांच्या सीमेवर बसतो आणि उच्च तापमानाला तोच प्रथम मऊ पडतो. घडविताना झालेली सोय वापरताना अशी वसूल होते.

बोअरवेलच्या गुंड्यांचे उदाहरण येथे बोलके आहे. टंगस्टन कार्बाइडचे कण कोबाल्टने सांधण्याची युक्ती जर्मनीत १९२३ च्या सुमारास कार्ल श्र्योटर यांनी शोधली आणि ठिसूळ पदार्थ खडकावर आपटण्याजोगा झाला. ठिसूळ कार्बाइडला चिवट करण्याचा हा बहुधा सर्वांत यशस्वी प्रयोग होय. पण कोबाल्ट १४९५ अंशांना वितळतो. चिवटपणा मिळाला तो ताप सोडून देऊन. हॅफ्नियम कार्बाइडच्या बाबतीत असा सौदा करता येत नाही, आणि म्हणूनच हे संशोधन इतके अवघड ठरले आहे.

काठिण्य, बल आणि चिवटपणा

या विषयावरील मराठी लेखनात, आणि खरे तर इंग्रजी निबंधांच्या निष्कर्षातही, तीन वेगळ्या गुणांचा घोळ होतो. ओरखड्यास वा ठशास होणारा विरोध हे काठिण्य. मोडेपर्यंत सहन होणारा ताण हे बल. आणि पदार्थात तडा असताना तो पुढे जाऊ न देण्याची क्षमता म्हणजे चिवटपणा. 'मजबुती' हा एकच शब्द या तिन्हींसाठी वापरला की, काठिण्य वाढल्याचा पुरावा देऊन चिवटपणा वाढल्याचा निष्कर्ष काढता येतो. हा दोष केवळ भाषेचा नाही.

फरक समजण्यासाठी शेताच्या धुऱ्यापर्यंत जाणे पुरेसे आहे. वाळलेली तुराटी काडकन दोन तुकडे होऊन मोडते. पऱ्हाटी मोडली तरी तिची साल सुटत नाही; तंतू लोंबकळत राहतात आणि तुकडा वेगळा करण्यास पीळ द्यावा लागतो. मातीच्या भिंतीत कुटार मिसळणाऱ्यास हे तत्त्व कोणी शिकविलेले नसते. कार्बाइडमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे किंवा कार्बनचे तंतू घालण्यामागे हीच कल्पना आहे. तडा तंतूपाशी आला की त्याने वळावे, तंतू मातृपदार्थातून उपसला जावा आणि त्या घर्षणात ऊर्जा खर्च व्हावी. यातील विरोधाभास असा की, तंतू व मातृपदार्थ एकमेकांना फार घट्ट चिकटले तर तडा तंतूसकट आरपार जातो. जोड जाणीवपूर्वक काहीसा दुबळा ठेवावा लागतो. त्यासाठी तंतूवर कार्बनचा पातळ थर चढवितात. 'घटकांमध्ये उत्कृष्ट बंध निर्माण झाला, त्यामुळे चिवटपणा वाढला' असे वाक्य एखाद्या निबंधात आले, तर परीक्षकाने तेथे थांबले पाहिजे.

आकड्यांची कल्पना यावी म्हणून सांगावयाचे, तर काचेचा चिवटपणा सुमारे ०.७ ते ०.८ मेगापास्कल-वर्गमूळ-मीटर असतो, एकजिनसी झिर्कोनियम वा हॅफ्नियम कार्बाइडचा साधारण २ ते ४, आणि साध्या संरचनात्मक पोलादाचा ५० च्या पुढे. कण किंवा सूक्ष्म तंतुके मिसळून ३ चे ५ केले, तर ते निश्चितच यश आहे. पण पदार्थ ठिसूळच राहतो. खरी झेप अखंड तंतूंच्या जाळीत कार्बाइड मुरवून घेतल्याने मिळते आणि तेथे मोडण्याची रीतच बदलते.

ठसा की खाच

हा चिवटपणा मोजला कसा जातो, हा या लेखातील कळीचा मुद्दा आहे. सर्वांत सोपी रीत म्हणजे व्हिकर्स काठिण्यमापकाच्या हिरकणीचा ठसा चकचकीत पृष्ठभागावर उमटवावयाचा, त्याच्या कोपऱ्यांतून निघालेल्या तड्यांची लांबी सूक्ष्मदर्शकाखाली मोजावयाची आणि ती सूत्रात घालावयाची. अन्स्टिस, चांतिकुल, लॉन व मार्शल यांनी १९८१ मध्ये दिलेले सूत्र सर्वाधिक वापरात आहे. त्यातील स्थिरांक त्यांनी ०.०१६ अधिक-उणे ०.००४ असा दिला होता. पायातच २५ टक्क्यांची अनिश्चितता असलेल्या मापावर 'चिवटपणा ३.२ वरून ३.९ झाला' असे सांगणे कितपत योग्य? एकाच जातीच्या नमुन्यांची आपसांत तुलना करण्यापुरती ही रीत चालावी, असा युक्तिवाद केला जातो. तो काही अंशी ग्राह्य आहे. परंतु दुसरा घटक मिसळला की, पदार्थाची स्थितिस्थापकता, ठशाखालचा तड्याचा आकार आणि आत कोंडलेले ताण हे सारेच बदलते. मग जात एक कशी राहिली?

क्विन व ब्रॅड्ट यांनी २००७ मध्ये या पद्धतीची कठोर छाननी केली आणि सिरॅमिकांचा चिवटपणा ठरविण्यासाठी ती स्वीकारू नये, असे स्पष्ट मत दिले. त्यानंतरही ठशावरून काढलेले आकडे छापले जात आहेत. २०१८ पासून चार-पाच धातूंची एकत्रित 'उच्च-एन्ट्रॉपी' कार्बाइडे पुढे आली. हॅफ्नियम, टँटलम, झिर्कोनियम व नायोबियम यांच्या एकत्रित कार्बाइडचे काठिण्य घटकांच्या सरासरीपेक्षा अधिक भरले, हा निष्कर्ष काठिण्यापुरता ठीकच आहे. मात्र नावीन्याच्या या लाटेवर पुष्कळ निबंध काठिण्यमापकाच्या एकाच ठशातून काठिण्य आणि चिवटपणा असे दोन्ही निष्कर्ष काढून मोकळे होतात.

प्रमाणित पर्याय महागडाच असतो, ही समजूत खरी नाही. ३ गुणिले ४ मिलिमीटर छेदाच्या पट्टीत हिरकणीच्या चाकाने खाच पाडावयाची आणि तिच्या तळाशी दाढीच्या ब्लेडने, हिरकणीचा लेप लावून, तीक्ष्ण 'व्ही' आकार आणावयाचा. नंतर पट्टी चार बिंदूंवर वाकवून मोडावयाची. या रीतीची युरोपात आंतरप्रयोगशालेय पडताळणी झालेली आहे. ब्लेड आपल्या गावात मिळते. अडचण दुसरीकडे आहे. अशी पट्टी आठ-दहा किलोच्या भाराखाली मोडते, तर स्थापत्य विभागातील परीक्षणयंत्र काँक्रीट चिरडण्यासाठी असते. त्याला हा भार जाणवतच नाही. लहान भारमापक स्वतंत्र घ्यावा लागतो. शिवाय ठिसूळ पदार्थाचे बल नमुन्यागणिक बदलते. तीन पट्ट्यांची सरासरी देऊन भागत नाही, तीसएक मोडाव्या लागतात. हे कष्टाचे काम आहे आणि पदोन्नतीच्या गुणपत्रकात या कष्टांना वेगळा रकाना नाही, हेही नमूद केले पाहिजे.

ट्रॉम्बेचा दाखला

कार्बाइडची परीक्षा कशी असावी याचे एक उदाहरण महाराष्ट्रातच घडलेले आहे. कल्पक्कम येथील द्रुत प्रजनक चाचणी अणुभट्टी १८ ऑक्टोबर १९८५ रोजी क्रांतिक झाली. तिच्यासाठी प्लुटोनियम-युरेनियमच्या मिश्र कार्बाइडचे इंधन ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात बनविण्यात आले. सत्तर टक्के प्लुटोनियम कार्बाइड असलेले असे इंधन जगात अन्यत्र चालविले गेले नव्हते. भुकटी हवेत आपोआप पेट घेणारी. त्यामुळे सारे काम निष्क्रिय वायूने भरलेल्या बंद पेट्यांत हातमोज्यांतून करावे लागले. या कार्बाइडचा वितळणबिंदू हॅफ्नियम कार्बाइडच्या जवळपासही नाही, तरी तो पदार्थ टिकला. इंधनाचा ज्वलनांक टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आला. प्रत्येक टप्प्यावर बाहेर काढलेल्या कांड्या कापून, आत काय घडले ते पाहण्यात आले. अशा रीतीने टनामागे १६५ गिगावॅट-दिन एवढी मजल गाठली गेली. येथे तक्त्यातील आकड्यापेक्षा प्रत्यक्ष वापर व त्यानंतरची तपासणी यांना मान आहे.

मधल्या तापमानाचा प्रश्न

शेवटी आपल्या महाविद्यालयांच्या आवाक्याकडे वळू. दोन हजार अंशांची भट्टी आपल्याकडे नाही, म्हणून या विषयात परिश्रमपूर्वक काही करता येणार नाही आणि केवळ इतरांच्या निबंधांचे संकलन करावे, अशी समजूत रूढ आहे. ती या कार्बाइडांच्या स्वभावाशीच विसंगत आहे. झिर्कोनियम व हॅफ्नियम कार्बाइड हवेत सुमारे ५०० ते ६०० अंशांपासूनच जळू लागतात. बाहेर पडणारा वायू ऑक्साइडच्या थरात छिद्रे पाडतो, त्यामुळे तो थर खालच्या कार्बाइडचे रक्षण करू शकत नाही. पुढे झिर्कोनियम ऑक्साइड सुमारे ११७० अंशांजवळ आपली स्फटिकरचना बदलते आणि आकारमानातील फरकाने थर तडकतो. टँटलमचे ऑक्साइड तर १८७० अंशांच्या आसपास वितळून वाहू लागते. सिलिकॉन कार्बाइड मिसळल्यास काचेसारखा सिलिकाचा थर तयार होऊन साधारण १६०० अंशांपर्यंत संरक्षण मिळते. मात्र त्याच्या पुढे तोच थर उडून जाऊ लागतो. म्हणजे चार हजार अंशांच्या बिरुदाचा पदार्थ सहाशे अंशांना दगा देतो, आणि यानाला दोन हजार अंशांपर्यंत पोहोचण्यापूर्वी सहाशेतून जावेच लागते.

सहाशे ते अकराशे अंशांची मफल भट्टी बहुतेक रसायनशास्त्र विभागांत असते. तोलण्यासाठी काटाही असतो. झिर्कोनियम कार्बाइडचे पूर्णतः ऑक्साइड झाले, तर वजन १९.४ टक्के वाढले पाहिजे. हॅफ्नियम कार्बाइडचे १०.५ टक्के आणि टँटलम कार्बाइडचे १४.५ टक्के. हे गणित अणुभारांवरून पदवीचा विद्यार्थीही मांडू शकतो. विकत घेतलेल्या भुकटीचा ग्रॅमभर नमुना अॅल्युमिनाच्या मुशीत पातळ पसरून ठेवावा, निरनिराळ्या तापमानांना वजन स्थिर होईपर्यंत तो तापवावा आणि वाढ टिपून घ्यावी. झिर्कोनियम कार्बाइडच्या एका ग्रॅमचे १.१९४ ग्रॅम न होता १.१५ वरच काटा थांबला, तर भुकटीत आधीच ऑक्साइड होते, मोकळा कार्बन होता की आतला गाभा जळावयाचा राहिला, हे शोधावे लागेल. तापमान वाढवूनही आकडा हलला नाही, तर शेवटची शक्यता मागे पडते. आणि मग 'शुद्धता ९९ टक्के' हे डबीवरील लेबल तपासल्याखेरीज त्या भुकटीपासून घडविलेल्या संमिश्राविषयी काहीही लिहिता येणार नाही.